दामूभाऊंचे साहेब लोक

आमच्या शेजारचे दामूभाऊ माणसांना अरेतुरे करतात आणि पिस्तुलांना अहोजाहो.

"सुनंदे, कप्तानसाहेबांना जरा ऊन दाखवायचंय. तुज्या कुरडया बाजूला घे गो." हे वाक्य मी अख्खा उन्हाळा ऐकते. आम्ही शहापूरचे, आमची दोन घरांची गच्ची सामाईक. माझा पापड-कुरडयांचा धंदा, त्यामुळे होळीपासून गच्चीवर माझंच राज्य असायला हवं. पण मी चीक घोटून, घामाघूम होऊन वर जावं, तर मधोमध धुतलेल्या धोतराच्या तुकड्यावर कप्तानसाहेब पहुडलेले. शेजारी भाऊ स्टुलावर बसून कावळे हाकतायत. माझ्या कुरडयांवरचे नव्हे, साहेबांवरचे. कावळा पिस्तूल कशाला नेईल, असं मी एकदा विचारलं. "नेणार नाय. पण शिटला तर?" म्हणाले.

घाबरू नका. भाऊंची सगळी पिस्तुलं मेलेली आहेत. नळीत वेल्डिंग ठासलेलं, आणि प्रत्येकाचं निकामी असल्याचं सरकारी पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला लटकवलेलं. चोर आलाच तर त्याच्या डोक्यात घालण्यापुरताच त्यांचा उपयोग, आणि भाऊ तेही करू देणार नाहीत, साहेबांना लागेल म्हणून.

भाऊ बस डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर माणसं देवळात बसतात, नाहीतर राजकारणात पडतात. भाऊ कल्याणच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे जॅकचा दांडा शोधायला गेले आणि पिस्तूल घेऊन आले. त्या बाजूला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोऱ्या पलटणींची मोठी छावणी होती. छावणी उठली, गोरे गेले, पण त्यांचं काय काय कुठे कुठे पडून राहिलं. भंगारवाल्याला ते वजनावर विकायचं होतं. भाऊंनी त्याला विचारलं, "हेचा धनी कोण?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. हळदीकुंकवाला माझ्याकडे राहिलेली वाटी दिसली, धनी कोण? देवळाबाहेर एकच चप्पल पडली आहे, धनी कोण? एकदा रस्त्यावर सापडलेली दातांची कवळी घेऊन हा माणूस बाजारभर फिरला, आणि भेटेल त्या म्हाताऱ्याला आधी हसायला लावायचा. धनी मिळाला, हे सांगायला हवं. तो आसनगावचा निघाला. त्याने भाऊंना अर्धा किलो पेढे दिले, आणि स्वतःही खाल्ले.

तर पिस्तूल आधी पोलीस ठाण्यात दाखवून, सगळे सोपस्कार करून भाऊंनी घरी आणलं आणि कामाला लागले. रॉकेलमध्ये भिजवायचं, चिंचेच्या पाण्यात बुडवायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, खोबरेल लावायचं. माझं न्हाणं सुद्धा इतकं साग्रसंगीत होत नाही. गंज गेला की खाली नंबर दिसतात, पलटणीची खूण दिसते, कोणी मुठीवर नाव कोरलेलं असतं. मग भाऊ मोबाइल घेऊन बसतात आणि जगातल्या लोकांना त्रास देतात.

कप्तानसाहेबांची नात अशी सापडली. परदेशात कुठेतरी राहते. तिच्याशी व्हिडिओवर बोलायचं म्हणून भाऊंनी लग्नातला कोट काढला. खाली मात्र लेंगाच, कारण "तिला कंबरेपर्यंतच दिसणार." आमचे हे मध्ये बसून इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत होते. भाऊंनी पहिलाच प्रश्न विचारला, आजोबांना बद्धकोष्ठाचा त्रास होता का? पिस्तुलाच्या मुठीला बोटांचे खड्डे फार खोल पडले होते, एवढा आवळून धरणारा माणूस दुसऱ्या कशाने त्रासलेला असणार, असा त्यांचा तर्क. आमच्या ह्यांनी हे भाषांतर केलंच नाही. तब्येत कशी होती, एवढंच विचारलं. ती बाई म्हणाली, पोटाने बेजार असायचे. त्या दिवसापासून भाऊंचा स्वतःवर जो विश्वास बसला तो बसलाच.

तिने आजोबांचा फोटो पाठवला. भाऊंनी तो मोठा करून, चंदनाचा हार घालून भिंतीवर लावला, सरूवहिनींच्या फोटोशेजारी. सरूवहिनी म्हणजे भाऊंची बायको, चार वर्षांपूर्वी गेल्या. आता घरी नवीन कोणी आलं की दोन्ही फोटोंकडे बघतं, गोऱ्या मिशीवाल्याकडे पुन्हा एकदा बघतं, आणि भाऊंना हळूच विचारतं, सासरे का?

पण सगळेच तर्क असे लागत नाहीत. दुसरं पिस्तूल आलं, त्यावर ठसठशीत इंग्रजी नाव कोरलेलं. भाऊ खूश, धनी आयताच मिळाला. त्या साहेबांचं पुढे काही कळेना, तेव्हा भाऊंनी ठरवलं, ह्यांच्या मागे कोणी नसणार. म्हणून सर्वपित्रीला त्यांच्या नावाने पान वाढलं. मीच वडे तळले, मीच खीर केली, मला काय माहीत. दुपार झाली तरी कावळा शिवेना. भाऊ गच्चीवर उभे राहून हात जोडून म्हणतायत, "साहेब, जी काय इच्छा राह्यली असंल ती मी बघतंय, तुमी जेवा." पुढच्या वर्षीही तेच. मग कधीतरी त्या नातीकडून कळलं की ते माणसाचं नाव नव्हेच, पिस्तूल बनवणाऱ्या कारखान्याचं आहे. दोन वर्षं आम्ही कारखान्याचं श्राद्ध घातलं.

मी हसून हसून लोळले. भाऊ गंभीर होते. म्हणाले, "एवढा मोठा कारखाना, कामगार किती असतील गो. कोणा ना कोणाला पोचलं असंलच."

निवडणूक हा त्यांच्या घरातला दुसरा मोठा सण. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. भाऊंच्या मढ्यांना हा नियम लागत नाही, हे त्यांना आजवर बदलून आलेल्या प्रत्येक फौजदाराने सांगितलंय. भाऊ ऐकत नाहीत. ग्रामपंचायत असो की लोकसभा, हा माणूस बिस्किटांच्या डब्यात पिस्तुलं घालून ठाण्याच्या बाकावर जाऊन बसतो आणि पावती मिळेपर्यंत उठत नाही. एवढ्यावर भागत नाही. प्रचार चालू असेपर्यंत मध्येच एखाद्या दिवशी खोबरेलाची बाटली घेऊन साहेबांना भेटून येतो. हवालदार म्हणतात, "भाऊ, आमच्या कोठडीत माणसं हायेत, त्यांना भेटायला बी कोणी येत नाय एवढं."

असे चार साहेब जमले होते, चारही गोरे. पाचवे आले ते विहिरीतून.

मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूच्या एका गावात उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढत होते. गाळात पिस्तूल निघालं. पोलीसपाटलाने ते ठाण्यात नेऊन दिलं. आत गोळी असेल या धास्तीने त्याला कोणी हात लावेना. तिथल्या हवालदाराने आमच्या हवालदारांना फोन केला, आणि आमच्यांनी भाऊंचं नाव सांगितलं. भाऊ माझ्या दारात येऊन म्हणाले, "सुनंदे, मोदकपात्र दे."

गणपतीला अजून किती वेळ होता. मोदकपात्र माझ्या सासूबाईंचं, पितळी, मी ते जावेला पण देत नाही. भाऊ कारण सांगेनात, म्हणून मी मोदकपात्रासकट त्यांच्याबरोबर मुरबाडला गेले. तिथे ठाण्याच्या अंगणात त्यांनी त्यात चिंचेचं पाणी केलं आणि पिस्तूल बुडवलं. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दुपारपर्यंत गंज सुटला. भाऊ गोळ्यांचं चक्र उघडायला बसले, तसे सगळे पोलीस वडाच्या झाडामागे गेले. मी गेले नाही, माझं भांडं तिथे होतं. चक्र फिरलं, भाऊंनी एकेका घरात काडी घातली. सगळ्यांतून चिखल निघाला आणि शेवटच्यातून एक गोगलगाय. गोळी एकही नव्हती. भाऊंनी गोगलगाय उचलून अळवावर सोडली. मोदकपात्र मात्र इतकं लख्ख निघालं की माझा राग तिथेच अर्धा गेला.

पुढे रीतसर वेल्डिंग झालं, कागद झाले. हक्क सांगायला कोणी येईना म्हणून बऱ्याच महिन्यांनी ते पिस्तूल भाऊंच्या कपाटात आलं. मुठीच्या लाकडावर मराठीत 'गो' एवढंच, बहुधा नावाचं पहिलं अक्षर, कोरलेलं होतं, आणि त्या विहिरीला गावात सुभेदाराची विहीर म्हणतात. भाऊंचा चेहरा काय फुलला होता. "सुनंदे, ह्ये आपल्यातले. ह्यांना बिस्किट नको, तांदळाची भाकर चालंल." तेव्हापासून गच्चीवरची मोठी जागा सुभेदारसाहेबांना, कप्तानसाहेब टाकीच्या सावलीत. संध्याकाळी भाऊ त्यांच्याशी बोलायचे. आज ऊन किती पडलं, पाणी किती वाजता आलं, पुण्याच्या मुलाचा फोन आला नाही. भिंत एकच असल्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

सुभेदार कधीच वारले होते. गावात घराचा चौथरा तेवढा उरलेला. कुटुंब कुठे गेलं हे सांगू शकतील अशी माणसंही म्हातारी, ती शोधायची कुठे? भाऊंनी युक्ती काढली. म्हातारी माणसं एका जागी भेटतात ती तेराव्याला. मग मुरबाड तालुक्यात कुठेही तेरावं असो, भाऊ हजर. घरचे समजायचे हा मेलेल्याचा कोणी लांबचा, मेलेल्याचे लांबचे समजायचे हा घरचा. पंगतीत बसून जेवायचे, शेजारच्या म्हाताऱ्याला सुभेदाराचं विचारायचे, आणि निघताना सगळ्यांबरोबर ह्यांनाही टॉवेल-टोपी मिळायची. भाऊंच्या घरात अजून टॉवेलांची चळत आहे. एका ठिकाणी तर त्यांना भाषण करायला लावलं. भाऊंनी पाच मिनिटं मयताचे गुण सांगितले, लोक रडले, आणि खाली बसल्यावर त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "पुरुष होता ना?"

अशाच एका तेराव्याला पत्ता लागला. सुभेदाराची मुलगी गंगूआक्का अजून हयात आहे, वाशिंदला नातवाकडे राहते.

झालं, भाऊंचं अन्नपाणी तुटलं. त्यांचा नियम असा की धनी मिळाला की वस्तू त्याची. गोऱ्यांच्या नातवंडांनी आपणहून सांगितलं होतं, तुमच्याकडेच राहू द्या. पण वाशिंद काय, हाकेच्या अंतरावर. आज अमावस्या आहे, आज वार बरा नाही, आज साहेबांना तेल मुरलं नाही, असं करत भाऊंनी महिना काढला. शेवटी मीच म्हटलं, भाऊ, म्हातारी नव्वदीला टेकलीय, तुमच्या मुहूर्तासाठी थांबायची नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, साहेब नव्या टॉवेलात गुंडाळून, मिठाईच्या खोक्यात घालून भाऊ माझ्या दारात उभे. डोळे लाल. मुलीला सासरी पाठवतानाही लोक इतकं तोंड पाडत नाहीत.

वाशिंदच्या त्या नव्या इमारतीत वॉचमनने अडवलं. खोक्यात काय आहे? भाऊ खोटं बोलत नाहीत. म्हणाले, सुभेदारसाहेब. वॉचमनने विचारलं, कितव्या मजल्यावरचे? मी मध्ये पडले म्हणून वर पोचलो.

आक्का दिवाणावर पाय घेऊन बसल्या होत्या. अंगाने काटकुळ्या, आवाज खणखणीत. नातसुनेने चहा दिला आणि ती मुलाला शाळेतून आणायला गेली. भाऊ उभे राहिले. त्यांनी भाषण पाठ केलं होतं. सुभेदारसाहेबांचं शौर्य, पलटण, देशाचं नाव, सगळं. खोकं उघडून त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि पिस्तूल आक्कांच्या पुढ्यात ठेवलं.

आक्कांनी हात लावला नाही. मग म्हणाल्या, "हिरीतून काडलास?"

"हां आक्का."

"मीच टाकलेला त्यो."

भाऊ खाली बसले. आक्का सांगायला लागल्या, आमच्याकडे न बघता. "बा लढाईवरनं आला तो झोपायचा नाय. ओट्यावर बसायचा, ह्ये मांडीवर घेऊन. कोणाशी बोलणं नाय. आय आमाला शेजारी निजवायची. मला वाटायचं, बा आता सोताला कायतरी करनार. मी एवढीशी पोर. बा आंगोळीला गेला तवा परकरात घेतला नि धावत जाऊन टाकला हिरीत."

"मग?"

"मग काय. त्यानं सगलं घर उचकलं. त्याला वाटलं, आयनंच लपवला. आयला ठाव होतं माजं काम, पन ती बोलली नाय. बा तिच्याशी मरेपर्यंत धड बोलला नाय. पुढं लय वर्सं जगला बा, माजं लगीन केलं, नातवंडं खेलवली. पन आयशी नाय बोलला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता मला वाटतं, उगाच टाकला. बा नुसता बसायचा. काय करनार नव्हता. माज्यामुलं आयचा जल्म वाया गेला." मग त्या थेट भाऊंकडे वळल्या. "तू उगडून बगितलास ना? आत काय होतं?"

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ पिस्तुलाकडे बघत होते.

"गोळी होती," भाऊ म्हणाले.

"काय?"

"एक गोळी होती आक्का. भरलेली. मी सोता काडली, पोलिसांत जमा केली."

आक्का पुढे झुकल्या. "खरं सांगतंस?"

"तुमी टाकला नसता तर तुमचा बा त्याच साली गेला असता. तुमी वाचवलात त्याला. तुमच्या आयला पण ठाव असंल, म्हणून तर बोलली नाय."

आक्का रडल्या. लहान मुलीसारख्या, आवाज काढून रडल्या. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर माझेच डोळे भरले. मग त्यांनी नाक पुसलं, आम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाल्या, आणि नातसून आल्यावर तिला सांगितलं, "माज्या बाला मी वाचवला, ठाव हाय तुला?" ती बिचारी बघतच राहिली. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन आम्ही उठलो. पिस्तूल त्यांना नको होतं. "ने तू. माज्या घरात नको त्ये, पन टाकू पन नको," म्हणाल्या.

भाऊंना सुभेदारसाहेब परत मिळाले. मला वाटलं, आता हा माणूस उड्या मारेल. पण हायवेला जीपची वाट बघत उभे राहिलो तरी भाऊंचं तोंड पडलेलंच. खोकं छातीशी धरलेलं. मी म्हटलं, "भाऊ, गोगलगाय निघाली होती."

"ठाव हाय," म्हणाले.

दोन जीपा भरून गेल्या. मग समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "सरू इस्पितळात होती ना, घरी न्या म्हणून लय मागं लागली. डॉक्टर नको बोलत होता, पोरगा नको बोलत होता. मी आणली घरी. आठवडा पण काढला नाय गो तिनं. पोरगा बोलला, तुमी मारलीत आईला. तवापासून येत नाय तो. मी बरोबर केलं का चूक, कोणाला विचारू? जिला ठाव, ती गेली."

इतकी वर्षं एका भिंतीला राहून हे मला माहीत नव्हतं. मुलगा येत नाही ते कामामुळे, असंच आम्ही समजत होतो.

शेवटच्या दिवसांत सरूवहिनींना मी चमच्याने पेज भरवायला जायचे. घरी आणल्यापासून त्यांची वाचा गेली होती. एक शब्द नाही. आढ्याकडे बघत पडून असायच्या, पेज ओठांतून ओघळायची, मी पुसायचे.

मी म्हटलं, "भाऊ, मला बोलल्या होत्या त्या. तुम्ही दूध आणायला गेला होतात तेव्हा. म्हणाल्या, सुनंदा, ह्यांनी घरी आणलं ते लय बरं केलं. आता जीव थंड झाला."

भाऊंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पिस्तुलावरचा एक ओरखडा कुठून आला म्हणून महिनाभर जगाला छळणारा हा माणूस. वहिनींना वाचा नव्हती, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

जीप आली. मागच्या बाकावर आम्ही दाटीवाटीने बसलो. भाऊंनी खोकं मांडीवर घेतलं आणि खाली बघत विचारलं, "आणि काय म्हणाली?"

मी सांगायला लागले. शहापूर येईपर्यंत सांगत होते.